छत्तीस वर्षे झोपलेली प्रतिमा

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीत माळा आवरायला काढला, तेव्हा कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात वडिलांचे शाळेचे कागद होते, वाळवी लागलेल्या दोन वह्या होत्या आणि कातडी पेटीत एक कॅमेरा होता. झेनिट-ई जातीचा, सोव्हिएत रशियातील क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेला. हाताला वरवंट्यासारखा जड. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे शहाणा माणूस. या शहाण्या माणसाने काय केले? कॅमेऱ्याचे मागचे झाकण खटकन उघडले. आत फिल्म होती!

झाकण मी लगेच मिटले, पण एक-दोन सेकंद तरी माळ्यावरच्या खिडकीचा उजेड आत गेलाच. मग वरची तबकडी पाहिली. किती फोटो काढून झाले ते तिच्यावर दिसते. आकडा २१ होता. झाकण उघडण्याआधी ती पाहायला हवी होती, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही.

आईला विचारले. ती म्हणाली, "अरे, ती गावाची फिल्म. गाव सोडायच्या उन्हाळ्यात तुझ्या वडिलांनी काढलेली." तो १९८८ चा उन्हाळा. मी तिसरीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो आणि आमचे जुने गाव त्या पावसाळ्यात धरणाच्या पाण्याखाली जायचे होते. छत्तीस फोटोंच्या फिल्मवर वडिलांनी एकवीस फोटो काढले. उरलेले पंधरा दिवाळीत काढू नि मग धुवायला टाकू, असा बेत होता. त्या काळी अर्धी फिल्म धुवायला टाकणे म्हणजे उधळपट्टी! दिवाळीपूर्वी कॅमेऱ्याचे शटर अडकले, कॅमेरा ट्रंकेत गेला आणि तिथेच राहिला. वडील आता नाहीत. त्या गावाचे दुसरे एकही चित्र आमच्या घरात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता प्रश्न असा: छत्तीस वर्षांपूर्वी एका सेकंदाच्या शेकडोव्या भागापुरता पडलेला प्रकाश त्या फिल्मवर अजून शिल्लक असेल का? आणि असला तर तो बाहेर कसा काढायचा?

विरजण

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे असंख्य स्फटिक विखुरलेले असतात, सोबत थोडे सिल्व्हर आयोडाइड. एकेक स्फटिक साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्यावर प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, पडला की ब्रोमाइड आयनातला एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो स्फटिकात भटकतो आणि एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. स्फटिकात काही सिल्व्हर आयन मोकळे फिरत असतात. त्यांच्यावर धन विद्युतभार असल्यामुळे त्यांतला एक या अडकलेल्या इलेक्ट्रॉनकडे ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. हा एकटा अणू टिकाऊ नसतो, थोड्या वेळात पुन्हा मोडतो. पण तेवढ्यात त्याच जागी दुसरा, तिसरा, चौथा अणू जमला, तर टोळके पक्के होते. हे स्पष्टीकरण ब्रिस्टल विद्यापीठातील गर्नी व मॉट यांनी १९३८ साली मांडले.

चार अणू! स्फटिकात सिल्व्हरचे आयन शंभर कोटी किंवा त्याहूनही अधिक, आणि त्यांतले बदलले चार. जगातल्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली अशी फिल्म धरली तरी तिच्यावर चित्र दिसायचे नाही. म्हणूनच तिला सुप्त प्रतिमा म्हणतात.

आता घरातले उदाहरण घ्या. दुधाच्या दोन पातेल्यांपैकी एकात चमचाभर विरजण घातले आणि दुसऱ्यात घातले नाही. दोन्ही पातेली तासाभराने सारखीच दिसतात. सकाळी मात्र एकात दही असते, दुसऱ्यात दूधच असते. चार अणूंचे टोळके हे त्या स्फटिकाचे विरजण. विकासक द्रावणात, म्हणजे ज्याला आपण डेव्हलपर म्हणतो त्यात, फिल्म बुडवली की ज्या स्फटिकाला विरजण लागले आहे तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. ज्याला लागलेले नाही तो तसाच राहतो. चार अणूंचे शंभर कोटी होतात. इतके प्रचंड वर्धन फुकटात करून देणारे साधन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही क्वचितच मिळेल. (उपमा इथपर्यंतच चालते. विरजणातले जीवाणू वाढत जातात. इथे वाढत काही नाही, विकासक इलेक्ट्रॉन पुरवतो आणि चांदीचे टोळके त्यांना आत शिरायला दार उघडून देते.)

इलेक्ट्रॉन जिथे अडकतो त्या 'दोषाच्या जागे'ची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीच्या लक्षात आले की काही जिलेटिनपासून चपळ फिल्म बनते आणि काहींपासून मठ्ठ. जिलेटिन गाईगुरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. सॅम्युएल शेपर्ड या रसायनशास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा १९२५ च्या सुमारास उलगडा झाला. गाईंच्या खाण्यात मोहरीसारख्या वनस्पती असल्या, तर त्यांतली गंधकाची संयुगे जिलेटिनमध्ये लेशमात्र उतरत. त्या गंधकापासून स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके पडत आणि तिथे इलेक्ट्रॉन अडकत. कोडॅकचे संशोधनप्रमुख केनेथ मीझ गमतीने सांगत की गाईंना मोहरी आवडली नसती तर सिनेमाच निघाला नसता. पुढे गंधक मोजूनमापून घालू लागले. आपल्या फोडणीतली मोहरी नि फिल्मची चपळाई यांचे असे नाते आहे!

दूध आपोआप कधी नासते?

विरजण न लावलेले दूधही फार दिवस ठेवले तर नासते. फिल्मचेही तसेच होते. उष्णतेने एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. आपल्याभोवती नेहमी असणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराने आणि विश्वकिरणांनीही सुटतो. वर्षानुवर्षे हे चालले की प्रकाश न पडलेल्या स्फटिकांतही विरजणे तयार होतात आणि विकासकात सारी फिल्म थोडीथोडी करडी होते. या करडेपणाला धुके म्हणतात. शिवाय हवेतील ऑक्सिजन व ओल यांनी खऱ्या विरजणातले चार अणू हळूहळू खाल्ले जातात. म्हणजे चित्र फिके होते आणि धुके दाट होते. शर्यत ही अशी.

फिल्म किरणोत्साराला किती हळवी असते याची एक खरी हकीकत आहे. १९४५ च्या शरद ऋतूत कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर विनाकारण काळे ठिपके येऊ लागले. ज्युलियन वेब या भौतिकशास्त्रज्ञाने माग काढला. दोष निघाला खोक्यांतल्या पुठ्ठ्याचा. तो इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्स येथील गिरणीत, नदीचे पाणी वापरून बनवलेला होता. त्याच वर्षी १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली होती. तिची किरणोत्सारी धूळ दीड हजार किलोमीटरहून अधिक वाहत येऊन पाण्यात आणि पाण्यातून पुठ्ठ्यात उतरली होती. गुप्त ठेवलेल्या स्फोटाची बातमी एका फिल्मने दिली.

आमच्या ट्रंकेवर अणुबाँबची धूळ पडली नव्हती, पण पत्र्याच्या छपराखालचे छत्तीस उन्हाळे मात्र तिने काढले होते.

डबीवरचे अक्षर

अंधाऱ्या खोलीत फिल्म उलटी गुंडाळून कॅमेऱ्यातून बाहेर काढली. शटर अडकले असले तरी फिल्म गुंडाळण्याची कळ वेगळी असते, हे माझे नशीब. डबीवर अक्षरे शाबूत होती: 'ऑरवो एनपी २२'. ऑरवोची फिल्म पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथे बने आणि आपल्याकडे भरपूर विकली जाई. आपल्या देशातही फिल्म बने. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि तिथली 'इंदू' फिल्म खेड्यापाड्यांतल्या स्टुडिओत पोहोचली. तो कारखाना आता बंद झाला आहे.

'२२' हा आकडा फिल्मची चपळाई सांगतो. ही जर्मन मोजणी लॉगरिथमची आहे. तिच्यात ३ अंश वाढले की चपळाई दुप्पट होते. २१ अंश म्हणजे १००, २४ म्हणजे २००, २७ म्हणजे ४००. मग २२ म्हणजे किती? १०० ला २ च्या घनमूळाने गुणा. सुमारे १२५ येतील.

डबी घेऊन तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत गेलो. ते गृहस्थ मोठे अगत्याचे. म्हणाले, "सर, द्या की. रंगीत फिल्मबरोबर शहरात पाठवतो." मी डबी पुढे केलीही होती! मग एकदम आठवले आणि हात मागे घेतला. कारण नीट समजून घ्या, ते तुमच्याही कामी येईल. रंगीत फिल्म ज्या प्रक्रियेने धुतात तिला सी-४१ म्हणतात. तिच्यात आधी चांदीची प्रतिमा बनते, चांदीच्या जागोजाग रंगद्रव्ये तयार होतात आणि मग सगळी चांदी विरघळवून टाकतात. चित्र उरते ते रंगद्रव्यांचे. कृष्णधवल फिल्ममध्ये रंगद्रव्य बनवणारी द्रव्येच नसतात. तिची चांदी काढली की उरते कोरी काच! त्यांचा हेतू चांगला होता, पण आमचे गाव दुसऱ्यांदा पाण्यात गेले असते.

उलट काही फिल्मा अशा आहेत की त्यांची स्वतःची प्रक्रियाच जगातून गेली. कोडाक्रोम ही प्रसिद्ध रंगीत फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावी होती. ३० डिसेंबर २०१० नंतर तिने कोडाक्रोम स्वीकारणे थांबवले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला होता, आणि त्यांनी त्यातले काही फोटो मुंबईत व राजस्थानात काढले. आज कोणाच्या कपाटात कोडाक्रोमची न धुतलेली फिल्म सापडली, तर तिचे रंग परत आणता येत नाहीत. कृष्णधवल फिल्मचे तसे नाही. तिची रसायने साधी आहेत, घरी बनवता येतात. म्हणून ठरवले की हे काम आपणच करायचे. मात्र आधी हात बसवायचा, मग वडिलांची फिल्म.

नव्या फिल्मवर सराव

फिल्म आजही बनते. इंग्लंडमध्ये इलफोर्डची, अमेरिकेत कोडॅकची, चेक प्रजासत्ताकात फोमाची. इलफोर्डची एचपी५ प्लस, चपळाई ४००, टपालाने मागवली. कॅमेरा पुण्यातल्या एका जुन्या कारागिराने उघडून, वाळलेले तेल काढून चालू करून दिला.

शटर खरेच बरोबर चालते का, हे तुमच्या घरातल्या मोबाइलने तपासता येते. पुष्कळ मोबाइलांत सेकंदाला २४० चित्रे घेणारी मंदगती सोय असते. कॅमेऱ्यात फिल्म नसताना झाकण उघडून भिंग खिडकीकडे करायचे, मागून मोबाइल लावायचा आणि १/३० सेकंदावर कळ दाबायची. मग चित्रे मोजायची. २४० भागिले ३०, म्हणजे उजेड ८ चित्रांत दिसला पाहिजे. दुरुस्तीपूर्वी एकदा कसेबसे शटर उडाले तेव्हा ११ चित्रे आली होती, म्हणजे १/२२ सेकंद. दुरुस्तीनंतर ८ आली. १/१२५ ला मात्र अख्खी चौकट एकदम उघडत नाही. दोन पडद्यांमधली एक फट सरकत जाते, तीही मोबाइलवर पाहून घ्या.

या कॅमेऱ्याला बॅटरी नाही. भिंगाच्या वर जाळीदार काचेची पट्टी आहे, तिच्यामागे सेलेनियमचा थर आहे. प्रकाश पडला की सेलेनियममधून थोडीशी वीज वाहते आणि तिने काटा हलतो. गावाला वीज यायच्या आधीपासून वडील हा काटा पाहून फोटो काढत. साठेक वर्षांपूर्वीच्या रचनेचे हे सेल आता थकले आहेत. आमचा उजेड निम्माच दाखवतो. त्यामुळे मी काट्यावर न विसंबता 'ऊन-सोळा'चा ठोकताळा वापरला. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवा आणि शटरचा काळ एक भागिले फिल्मची चपळाई. ४०० च्या फिल्मला १/४०० सेकंद. कॅमेऱ्यावर तो नाही म्हणून १/५००.

एफ/१६ म्हणजे काय? भिंगाचे नाभ्यंतर भागिले छिद्राचा व्यास. या हेलिऑस भिंगाचे नाभ्यंतर ५८ मिमी. एफ/१६ ला व्यास ३.६ मिमी आणि एफ/२ ला २९ मिमी. व्यास आठपट, म्हणून क्षेत्रफळ चौसष्टपट, म्हणून प्रकाशही चौसष्टपट. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे विचित्र वाटतात, पण प्रत्येक आकडा मागच्याला २ च्या वर्गमूळाने गुणून येतो आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आंब्याच्या दाट सावलीत उन्हाच्या साधारण आठवा हिस्सा उजेड असतो असे धरा. आठपट प्रकाश हवा म्हणजे तीन पायऱ्या: एफ/५.६. हिशेब झाला.

नव्या रोलचे मी अंधारात दोन तुकडे केले. एक तुकडा रीतसर डी-७६ या विकासकात आणि दुसरा विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर चक्क कॉफीत धुतला! कॉफीतली कॅफीक अ‍ॅसिडसारखी द्रव्ये क्षपणकारक असतात, अल्कली माध्यमात ती विकासकाचे काम करतात. अमेरिकेतील रॉचेस्टर तंत्रज्ञान संस्थेत १९९५ साली हा प्रयोग झाला. प्रमाण असे: एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम, झटपट कॉफी ४० ग्रॅम, २० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे. इथे एक खाच आहे. बाजारात स्फटिकरूप सोडा मिळाला तर त्यात दर रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात. रेणुभार १०६ ऐवजी २८६. म्हणजे ५४ ऐवजी १४६ ग्रॅम लागेल. पहिल्या खेपेला आमच्या मुलांनी हे पाहिले नाही आणि पट्टी फिकी निघाली. कॉफीही चिकोरी न मिसळलेली घ्या. या मिश्रणाला इतका घाण वास येतो की ते चुकून कोणी पिईल ही भीती नाही, तरी भांडी स्वयंपाकाची वापरू नका आणि शिक्षकांना बरोबर घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

डी-७६ चे लिटरचे प्रमाण अनेक वर्षे जाहीर आहे: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन इलेक्ट्रॉन देणारे. टाकणखार द्रावण अल्कली ठेवतो, त्याशिवाय ते देत नाहीत. सल्फाइट हवेतला ऑक्सिजन स्वतःवर घेऊन द्रावण टिकवते. ठरलेली फिल्म ठरलेल्या तापमानाला ठरलेली मिनिटे बुडवायची, एवढीच विद्या. एचपी५ ला २० अंशांना साडेसात मिनिटे. २४ अंशांना तेच काम पाच-सव्वापाच मिनिटांत होते. उन्हाळ्यात दही लवकर लागते, तसेच! आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या वर असते, तेव्हा कोरड्या हवेच्या गावी माठातले पाणी वापरावे. बाष्पीभवनाने ते फुकट थंड झालेले असते. मी डिसेंबरची अखेर निवडली, पाणी आपोआप २० अंशांवर आले.

शेवटी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. आयोडीनच्या अनुमापनासाठी रसायनशाळेत जी बाटली असते तीच. ते न बदललेले सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवून नेते, मग फिल्म उजेडात आणता येते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली, छायाचित्रणाचा जन्म व्हायच्या वीस वर्षे आधी, शोधून ठेवला होता. वापरलेला हायपो मोरीत ओतू नये, त्यात चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक. आम्ही तो कॅनमध्ये साठवतो.

एकवीस चौकटी

वडिलांच्या फिल्मला एक मोठी सोय होती. शेवटचे पंधरा फोटो काढलेलेच नव्हते! एका फोटोला पट्टीवर ३८ मिमी जागा लागते, ३६ मिमी चौकट आणि २ मिमी अंतर. पंधरा गुणिले ३८ म्हणजे ५७ सेंटिमीटर कोरी पट्टी, तेवढेच उन्हाळे सोसलेली, डबीच्या दांड्याला चिकटलेली. ती चाचणीला मोकळी होती.

काळ्याकुट्ट खोलीत तिचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे कापले. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाखाली झाकून उरलेल्या अर्ध्यावर कागदात गुंडाळलेल्या विजेरीचा क्षणभर उजेड पाडला. मग एकेक तुकडा सहा, आठ आणि दहा मिनिटे विकसित केला. झाकलेला भाग म्हणजे निव्वळ धुके, उघडा भाग म्हणजे धुके अधिक प्रकाश. दहा मिनिटांना दोन्ही जवळजवळ सारखे काळे! सहाला दोन्ही फिके. आठला फरक सर्वांत चांगला. मग शेवटच्या तुकड्याच्या विकासकात लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घातले. का, ते तुम्हीच ताडा: सिल्व्हर ब्रोमाइडपासून चांदी होताना ब्रोमाइड आयन बाहेर पडतात. द्रावणात ते आधीच जास्त ठेवले, तर क्रिया मंदावते आणि दुबळी विरजणे, म्हणजे धुक्याची, आधी मागे पडतात. झाकलेल्या भागातून प्रयोगशाळेतल्या प्रकाशमापकाप्रमाणे एक चतुर्थांश प्रकाश पार होत होता. चार म्हणजे लॉगरिथम ०.६. इतकी घनता धुक्याचीच, पण तिच्यातून पाहता येते.

आठ मिनिटे, २० अंश, ब्रोमाइडसह. २९ डिसेंबरच्या रात्री मुख्य पट्टी टाकीत घातली. फिल्म सर्पिल रिळावर अंधारात चढवताना हाताला घाम आला आणि ती मध्येच अडकली. हात पुसून पुन्हा पहिल्यापासून चढवली. (रद्दी फिल्मवर हे वीस वेळा केले होते. खऱ्या वेळी एकविसावी वेळ वेगळी असते.) हायपोनंतर झाकण उघडून पट्टी उजेडापुढे धरली.

तिचे शेवटचे टोक कुळकुळीत काळे होते. ते माझ्या दोन सेकंदांचे काम. काढलेले फोटो कॅमेऱ्यात उजव्या रिळावर एकावर एक गुंडाळले जातात. पहिले फोटो आतल्या वेढ्यांत, शेवटचे बाहेरच्या. रिळाचा घेर साधारण साडेपाच सेंटिमीटर धरला, तर ८० सेंटिमीटरचे चौदा-पंधरा वेढे होतात. बाहेरच्या वेढ्यांनी उजेड शोषला आणि आतल्यांना झाकले. चौदा ते एकवीस हे आठ फोटो गेले. अकरा ते तेरा यांच्या कडा काळ्या, मध्ये थोडे काही. एक ते दहा यांवर करड्या धुक्यातून चित्रे दिसत होती. एक जरा हललेले. बाकी नऊ स्पष्ट म्हणावीत अशी: देवळाची दीपमाळ, शाळेचा ओटा, पारावर बसलेली माणसे, आमच्या घराचा सोपा.

फिल्म वाळल्यावर मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर, मध्ये दुधी प्लॅस्टिक ठेवून (नाहीतर पडद्याचे ठिपके चित्रात येतात), तिचे फोटो घेतले. काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे करून सातव्या क्रमांकाचे चित्र छापले आणि आईपुढे ठेवले. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे आपलं घर नाही."

मी हादरलो. सोपा तोच, दार तेच. ती म्हणाली, "आपली तुळस दाराच्या उजव्या हाताला होती. इथं डावीकडं आहे."

मी पुन्हा फिल्म पाहिली. पट्टीची एक बाजू चकचकीत असते, दुसरी, जिच्यावर चांदी असते ती, किंचित मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे असली तर कडेची अक्षरे सुलटी वाचता येतात आणि चित्रही सुलटे असते. मी घाईत मंद बाजूने फोटो घेतला होता. सारे गाव आरशातले झाले होते आणि मी, त्या घरात आठ वर्षे राहिलेला, मला ते कळलेही नव्हते. पट्टी उलटी करून पुन्हा छापले. आईने कागद हातात घेतला, तुळशीवर बोट ठेवले आणि पायरीवर बसलेल्या बाईंकडे बोट नेत म्हणाली, "या तुझ्या मोठ्या काकू. जात्यावरून उठून आल्यात बघ, हाताला पीठ आहे."

पीठ मला दिसत नव्हते. भिंग घेऊन पाहिले. हातांच्या जागी चांदीचे कण खरोखरच जास्त दाट होते.